आतड्यातली खानेसुमारी, कागदाच्या ठिपक्यावर

फेकॅलिबॅक्टेरियम प्रॉसनित्झी हा मोठ्या आतड्यातला एक उपकारक जिवाणू. आपल्याला न पचलेल्या तंतूंपासून तो ब्युटिरेट तयार करतो आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यावर पोसल्या जातात. क्रोन्स या आतड्याच्या विकारात हा जिवाणू घटतो, हे फ्रेंच संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. पण तो मोजायचा कसा? प्रयोगशाळेत वाढवायला जावं, तर हवेतल्या ऑक्सिजननेच मरतो. जनुकीय क्रमवाचन खर्चिक, आणि त्यातून बहुधा टक्केवारीच मिळते. ती फसवी असते. एकूण जिवाणू निम्म्यावर आले आणि हा होता तेवढाच राहिला, तरी त्याचा टक्का दुप्पट दिसणार! क्रोन्सच्या रुग्णांत एकूण जिवाणूसंख्याच रोडावते, हे बेल्जियममधल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवून दिलं. म्हणून टक्का पुरत नाही, संख्या हवी.

अमेरिकेत जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने 2018 मध्ये सुचवलेली वाट मला म्हणूनच मोलाची वाटते. पेशी फोडून काढलेली प्रथिनं बनवणारी सामग्री कागदाच्या ठिपक्यावर गोठवून सुकवायची. तिच्यासोबत आरएनएची एक घडी ठेवायची. घडी मिटलेली असताना प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला बसायची जागा झाकलेली असते. नमुन्यात नेमक्या जिवाणूचा आरएनए असला, की तो घडीच्या मोकळ्या टोकाला चिकटतो आणि ती उलगडत नेतो. जागा उघडी पडते, प्रथिन बनू लागतं, ठिपका चमकतो. मूळ आरएनए आधी एकाच तापमानाला ठेवून वाढवून घेतात. ठाऊक प्रमाणाच्या नमुन्यांशी चमक ताडून पाहिली, की मूळ आरएनए किती होता याचा अंदाज येतो. या गटाने आतड्यातल्या 10 जातींसाठी असे संवेदक तयार केले.

अडचणी आहेतच. शौचाच्या नमुन्यातून आरएनए वेगळा काढावा लागतो आणि तो फार लवकर विघटतो. शिवाय जोमात वाढणाऱ्या पेशीत आरएनए जास्त असतो, त्यामुळे आरएनए मोजणं म्हणजे थेट डोकी मोजणं नव्हे.

आपल्यासाठी आणखी एक प्रश्न उरतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू विशेष मोठ्या प्रमाणात आढळले. परदेशी रुग्ण समोर ठेवून निवडलेल्या जातींच्या यादीवर आपण विसंबून राहून चालणार नाही. नव्या जातीसाठी घडी बदलायची, तर तिची अक्षरं संगणकावर नव्याने जुळवता येतात. ती इथल्या जिवाणूंसाठी इथेच जुळवायला हवीत.