पोतोसीची वेठ आणि एका देशाचा जन्म

१७७७ साली कुस्को प्रांतातल्या तुंगासुका गावचा कुराका एक अर्ज घेऊन लिमाला गेला. कुराका म्हणजे गावाचा वंशपरंपरागत मुखिया, आपल्याकडच्या जुन्या वतनदार पाटलासारखा. वर सरकारात वसुली पोचती करायची आणि खाली रयतेची गाऱ्हाणी ऐकायची, अशा दोन्हीकडून दाबला गेलेला माणूस. त्याचं नाव होसे गाब्रिएल कोन्दोर्कांकी. तो जेसुइटांच्या शाळेत शिकला होता. त्याच्या खेचरांचे तांडे कुस्कोहून पोतोसीपर्यंत माल नेत, त्यामुळे त्या रस्त्यावरचं गाव न् गाव त्याच्या ओळखीचं होतं. अर्जात मागणं साधंच होतं : आमच्या गावांतली माणसं पोतोसीच्या खाणीवर वेठीला पाठवणं बंद करा. वाट फार लांबची आहे, गेलेल्यांतले कित्येक परत येत नाहीत, आणि मागे शेत कसायला हात उरत नाहीत. लिमाच्या दरबाराने अर्ज फेटाळला. तीन वर्षांनी याच माणसाने तुपाक अमारू या नावाने अमेरिकेतल्या स्पॅनिश साम्राज्याविरुद्ध तोवरचं सर्वांत मोठं बंड उभं केलं.

राष्ट्रवादाचा इतिहास आपण शाळेपासून पॅरिसमध्ये सुरू करतो. १७८९, बास्तीय, मग नेपोलियन, मग इटली-जर्मनीचं एकीकरण. या क्रमात दक्षिण अमेरिका आलीच तर एका परिच्छेदापुरती, सिमॉन बोलिव्हारच्या घोड्यावरच्या चित्रासह. पोतोसीचा इतिहास वाचताना मला हा क्रम अपुरा वाटत गेला. अँडीजमध्ये देश ही कल्पना पुस्तकांतून उतरण्याआधी वेठीच्या वाटेवर, जकातनाक्यावर आणि कोर्टकचेरीच्या पायऱ्यांवर तयार होत होती. तिथे ती ज्यांनी घडवली, त्यांना प्रत्यक्ष देश मिळायला फार उशीर झाला.

आजच्या बोलिव्हियात समुद्रसपाटीपासून सुमारे चार हजार मीटर उंचीवर पोतोसी शहर आहे, आणि त्याच्या डोक्यावर सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. १५४५ मध्ये दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसामुळे स्पॅनिशांना इथल्या चांदीचा पत्ता लागला. पहिली पंचवीसेक वर्षं चांदी गाळण्याचं काम स्थानिक लोकांच्याच हातात होतं. डोंगराच्या उतारावर वाऱ्याच्या झोतावर पेटणाऱ्या मातीच्या छोट्या भट्ट्या हजारोंनी होत्या. वरवरची कसदार धातुमाती संपत आली तशा त्या भट्ट्या निकामी होऊ लागल्या आणि उत्पादन घसरलं.

याच वेळी माद्रिदहून फ्रान्सिस्को दे तोलेदो हा व्हाइसरॉय आला. त्याने दोन गोष्टी जोडल्या. पहिली पाऱ्याची. दळलेल्या धातुमातीत मीठ आणि पारा कालवला की पारा चांदीला धरतो, आणि मग उष्णता देऊन पारा उडवला की चांदी मागे राहते. ही रीत मेक्सिकोत १५५०च्या दशकात रुळली होती, आणि पेरूमध्ये वांकावेलिका इथे पाऱ्याची खाण सापडलेली होती. दुसरी गोष्ट माणसांची. इन्का राजवटीत आळीपाळीने सरकारी कामाला जाण्याची जुनी पद्धत होती. तिला मीता म्हणत, म्हणजे पाळी. इन्कांच्या काळी पाळीवर आलेल्याला राजाच्या कोठारातून खायला मिळे. तोलेदोने नाव तेच ठेवलं आणि १५७३च्या सुमारास तिची वेठ करून टाकली : कुस्कोच्या दक्षिणेपासून पसरलेल्या सोळा प्रांतांतल्या प्रौढ पुरुषांपैकी दर वर्षी सातवा हिस्सा पोतोसीला. हा आकडा साडेतेरा हजारांच्या घरात जात होता. याच तोलेदोने १५७२ मध्ये शेवटच्या इन्का राजाचा, पहिल्या तुपाक अमारूचा, कुस्कोच्या चौकात शिरच्छेद करवला होता. कोन्दोर्कांकीने पुढे घेतलं ते याच राजाचं नाव. तो स्वतःला त्याचा वंशज मानत होता.

खाणीतलं काम कसं चाले याचं वर्णन जेसुइट लेखक होसे दे आकोस्ता याने १५९०च्या ग्रंथात केलं आहे. चामड्याच्या पिळाच्या दोरांमध्ये लाकडी पायऱ्या अडकवलेल्या शिड्या. मजूर तिघा-तिघांच्या टोळीने चढत. पाठीवर घोंगडीत बांधलेली धातुमाती, दोन आरोबा, म्हणजे आपल्या हिशेबात तेवीस किलोंच्या आसपास. घोंगडीची गाठ छातीवर. सगळ्यात पुढच्याच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली, कारण दोन्ही हात शिडी धरायला लागत. मजुरी दिवसाला साडेतीन रेआल ठरवलेली होती, पण मेणबत्त्या आणि कोकाची पानं बहुधा मजुरालाच विकत घ्यावी लागत. वर आल्यावर अंगावरचा घाम त्या उंचीवरच्या थंडीत गोठायचा.

वेठीवर निघणारा माणूस एकटा निघत नसे. बायको, मुलं, लामांवर लादलेला मका आणि सुकवलेला बटाटा, असं सगळं बिऱ्हाड निघे, आणि लांबच्या गावांना पोचायला महिने लागत. वर्ष संपल्यावर पुष्कळजण परत जातच नसत. काही मरत, काही कर्जात अडकत, काही शहरातच रोजंदारीवर राहत, काही तिसऱ्याच गावात परके म्हणून वस्ती करत, कारण परक्या माणसाला मीता लागू होत नव्हती. गावं ओस पडली तरी मागणीचा आकडा जुन्याच शिरगणतीवर काढला जाई. मग कुराका माणसाऐवजी रोख भरू लागले आणि कित्येक खाणमालक त्या पैशातून मजूर न लावता तो खिशात घालू लागले. डोंगरात चांदी कमी होत गेली, तरी वेठीचा धंदा किफायतशीर राहिला तो असा.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस जगात निघणाऱ्या चांदीपैकी निम्म्याच्या आसपास या एका डोंगरातून येत होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १६१०च्या सुमारास शहराची वस्ती दीड लाखावर गेली. तेव्हाच्या युरोपात इतकी मोठी शहरं मोजकीच होती. चांदीचा पाचवा हिस्सा राजाचा. तरीही दुसऱ्या फिलिपच्या सरकारने १५५७, १५७५ आणि १५९६ साली सावकारांची देणी थांबवली. चांदी स्पेनच्या हाती येई आणि युद्धांच्या खर्चात, जिनोव्हाच्या पेढ्यांत निघून जाई. १५७१ मध्ये मनिला वसल्यावर अकापुल्कोहून तिकडे निघणारी जहाजं ती चीनच्या रेशमाच्या बदल्यात उतरवू लागली. मिंग चीनमध्ये कर चांदीत भरावे लागत, त्यामुळे तिथली भूक मोठी होती.

हिंदुस्थानातही हीच गोष्ट. इथे चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या, आणि मुघल रुपया तर चांदीचा. लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या पोर्तुगीज जहाजांतून आणि पुढे इंग्रज-डचांच्या जहाजांतून स्पॅनिश रेआल येत, सुरतेच्या टांकसाळीत वितळत आणि बादशहाच्या नावाचा छाप घेऊन बाहेर पडत. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये ज्या सुरतेवर हात टाकला, तिची श्रीमंती या समुद्रपार चांदीवरही उभी होती. आकोस्ताच्या शिडीवरच्या माणसाचा आणि आपल्या इतिहासाचा संबंध इतका जवळून येतो, याचा विचार आपल्याकडे व्हायला हवा तेवढा झालेला नाही.

अठराव्या शतकात माद्रिदला बूर्बोन राजांनी साम्राज्याची घडी नव्याने बसवायला घेतली. १७७६ मध्ये पोतोसीचा मुलूख पेरूमधून काढून ब्युनोस आयर्सच्या नव्या व्हाइसरॉयच्या हाती दिला, विक्रीकर सहा टक्क्यांवर नेला, नवे जकातनाके उभे केले. त्यातच कोरेहिदोर, म्हणजे प्रांताचा अधिकारी, रयतेच्या गळ्यात नको असलेला माल चढ्या भावाने मारत असे आणि वसुलीसाठी तुरुंगात टाकत असे. पोतोसीच्या उत्तरेकडच्या चायान्ता प्रांतातला तोमास कातारी हा आयमारा माणूस न्याय मागायला थेट ब्युनोस आयर्सपर्यंत पायी गेला. व्हाइसरॉयसमोर त्याचं ऐकून घेतलं गेलं, पण परत आल्यावर स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याला पुन्हा पुन्हा अटक केली आणि १७८१च्या जानेवारीत तो मारला गेला. बंडाआधी अर्ज होते, एकामागून एक, कायद्याच्या भाषेत, राजावर विश्वास ठेवून लिहिलेले. ही माणसं डोकं भडकून उठलेली नव्हती.

४ नोव्हेंबर १७८० ला तुपाक अमारूने तिंताचा कोरेहिदोर आंतोनियो दे आर्रियागा याला धरलं आणि सहा दिवसांनी त्याला फासावर दिलं. १६ नोव्हेंबरला त्याने आपल्या बाजूला येणाऱ्या गुलामांना मुक्त केल्याचा जाहीरनामा काढला. हैतीतल्या गुलामांचं बंड अजून अकरा वर्षं पुढे होतं, आणि बोलिव्हारचा जन्मही झालेला नव्हता. तुपाक अमारूच्या जाहीरनाम्यांत फक्त इन्का वंशाचे लोक नव्हते. क्रिओल म्हणजे अमेरिकेत जन्मलेले स्पॅनिश, मेस्तिसो म्हणजे संमिश्र रक्ताचे, काळे आणि मूळ रहिवासी, असे इथे जन्मलेले सगळे एक आणि जुलमी अधिकारी परके, अशी त्याची मांडणी होती. अठराव्या शतकातली याहून रुंद देशाची कल्पना मला दुसरीकडे सापडत नाही.

त्याची बायको मिकाएला बास्तिदास रसद, घोडे, पत्रव्यवहार सांभाळत होती. कुस्कोवर लगेच चालून चल, वेळ गेली तर माणसं पांगतील, हे ती त्याला निकराने लिहीत होती. तो उशिरा पोचला आणि कुस्को पडलं नाही. एप्रिल १७८१ मध्ये तो पकडला गेला. १८ मे रोजी कुस्कोच्या चौकात त्याच्यादेखत बायकोला आणि मुलाला मारलं आणि मग त्याला. दक्षिणेत तुपाक कातारी हा दुसरा बंडखोर पुढारी आणि त्याची बायको बार्तोलिना सिसा यांनी ला पास शहराला महिनोन्महिने वेढा घातला होता. त्यांचाही शेवट असाच झाला. या सगळ्या युद्धात लाखभर माणसं गेली असावीत असं मानलं जातं. तुपाक अमारूच्या निकालपत्राने इन्का पोशाख, इन्का राजांची चित्रं, नाटकं, शंख वाजवणं यांवर बंदी घातली आणि केचुआ भाषा मोडून काढायचा हुकूम दिला. दडपणाऱ्यांना नेमकं कळलं होतं की देश कशाकशात राहतो.

क्रिओल मंडळी आधी थोडी बंडाकडे झुकली होती. पण सांगारारा गावच्या चर्चमध्ये आसरा घेतलेले शेकडो लोक मेले, मळे लुटले गेले, तेव्हा ती धास्तावून राजाच्या मागे उभी राहिली. ही भीती पुढची चाळीस वर्षं टिकली. स्पेनच्या गादीवर नेपोलियनने भाऊ बसवल्यावर १८०९ मध्ये चुकिसाका आणि ला पास इथे पहिले उठाव झाले ते क्रिओलांच्या पुढारीपणाखाली, आणि त्यांत आपल्याच मजुरांच्या हाती शस्त्र देण्याचा संकोच सतत दिसतो.

पोतोसीच्या टांकसाळीला या युद्धात फार महत्त्व आलं. चांदी ज्याच्या हाती, त्याच्या फौजेला पगार. १८१३ मध्ये ब्युनोस आयर्सच्या देशभक्त फौजेने शहर घेतलं आणि राजाच्या मुखवट्याच्या जागी तळपता सूर्य असलेली नाणी पाडली. काही महिन्यांत राजाची फौज परतली आणि त्याच इमारतीत पुन्हा राजाचं तोंड छापलं जाऊ लागलं. १८१५ मध्ये परत सूर्य, मग परत राजा. बाजारातल्या बाईला सकाळी कोणत्या सरकारचं नाणं घ्यावं हा प्रश्न पडत असेल. १८१३च्या नोव्हेंबरात मागे हटताना सेनापती मानुएल बेल्ग्रानोने टांकसाळ दारूने उडवून द्यायचा हुकूम दिला होता. वात ऐन वेळी विझवली गेली म्हणून ती इमारत आज उभी आहे. आत खेचरांच्या जोरावर फिरणारी चांदीचे पत्रे लाटण्याची लाकडी यंत्रं पाहायला मिळतात.

याच बेल्ग्रानोने १८१६ मध्ये ब्युनोस आयर्सच्या बाजूच्या प्रांतांच्या तुकुमानमधल्या अधिवेशनात सुचवलं होतं की नव्या देशाच्या गादीवर इन्का घराण्याचा वंशज बसवावा. या अधिवेशनाची ९ जुलैची स्वातंत्र्याची घोषणा स्पॅनिशबरोबर केचुआ आणि आयमारातही छापली गेली. तुपाक अमारूचा सावत्र भाऊ हुआन बाउतिस्ता तेव्हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउता इथे कैदेत होता, बंडानंतर पकडलेला आणि आता म्हातारा झालेला. १८२२ मध्ये तो सुटून ब्युनोस आयर्सला पोचला. पण इन्का गादीची गोष्ट तोवर हवेत विरली होती.

९ डिसेंबर १८२४ ला आयाकूचोच्या माळावर बोलिव्हारचा सेनापती सुक्रे याने शेवटचं मोठं स्पॅनिश सैन्यदळ हरवलं. ६ ऑगस्ट १८२५ ला चुकिसाकाला नवा देश जाहीर झाला आणि त्याला बोलिव्हारचं नाव मिळालं. नकाशा मात्र नवा नव्हता. १५५९ साली स्पेनच्या राजाने स्थापलेल्या चार्कासच्या उच्च न्यायालयाची हद्द, साधारण तीच या देशाची हद्द. साम्राज्याच्या कारभारी सीमांतून नवी राष्ट्रं कशी निघाली हे बेनेडिक्ट अँडरसनने १९८३च्या पुस्तकात मांडलं आहे, आणि बोलिव्हियाच्या बाबतीत ते चपखल बसतं. पण तो क्रिओलांना या वाटेवरचे पहिले मानतो, ते मला पटत नाही. १७८०चे लोक त्यांच्या आधी याच वाटेवरून गेले होते.

२६ ऑक्टोबर १८२५ ला बोलिव्हार सेर्रो रिकोच्या माथ्यावर चढला आणि नव्या देशांचे झेंडे तिथे रोवले गेले. मीता स्पेनमधल्या काडिझच्या संसदेने १८१२ मध्येच रद्द केली होती. मूळ रहिवाशांवरचा डोईपट्टीचा जुना कर बोलिव्हारने रद्द केला. पण तो उत्तरेकडे परतला आणि १८२६ मध्ये रिकाम्या तिजोरीकडे पाहून सरकारने हा कर पुन्हा लावला. पुढची कित्येक दशकं प्रजासत्ताकाचा गाडा बराचसा याच करावर चालला. त्याच साली झालेल्या राज्यघटनेने पूर्ण नागरिकत्वासाठी लिहिता-वाचता येण्याची अट घातली. केचुआ आणि आयमारा बोलणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बहुसंख्य जनतेला मत नव्हतं, आणि ही अट १९५२च्या क्रांतीपर्यंत राहिली. त्या क्रांतीने सर्व प्रौढांना मताधिकार दिला आणि मोठ्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या.

२००९च्या राज्यघटनेने देशाचं अधिकृत नाव बदलून बहुराष्ट्रीय राज्य केलं आणि स्पॅनिशबरोबर मूळ रहिवाशांच्या छत्तीस भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. आज दोनशे बोलिव्हियानोंच्या नोटेवर सिमॉन बोलिव्हारबरोबर तुपाक कातारी आणि बार्तोलिना सिसा आहेत, आणि ब्युनोस आयर्सपर्यंत पायी गेलेला तोमास कातारी वीसच्या नोटेवर.