पाणी मिळू द्या

गोंदिया जिल्ह्यात महामार्गावरच्या सौंदडहून आत वळलं की धानाच्या बांध्यांमध्ये जुने मालगुजारी तलाव लागतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने अशा तलावांनी हा मुलूख भरून टाकला. पावसाळ्यात ते भरले की मासेमार ढीवरांच्या सहकारी संस्था त्यांत रोहू, कतला, मृगळाचं बीज सोडतात.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, येते फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, खाली एक तृतीयांश पाणी, वर प्राणवायू. निघण्याआधी तिला उपाशी ठेवतात, नाहीतर तिच्याच विष्ठेने पाणी नासतं. प्रवास शक्यतो रात्रीचा, कारण तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साडेसात. आणि तापलेल्या पाण्यातच माशाची प्राणवायूची गरज वाढते. त्याच्या अंगाची ऊब पाण्याबरोबर चढते-उतरते, श्वासही तसाच.

पाळीवर पिशव्या उतरल्या की नवख्याचा हात थेट गाठीकडे जातो. जाणता ढीवर मात्र पिशवी बंदच पाण्यावर तरंगत ठेवतो. मी दोन्हींना हात लावून पाहिला. पिशवी गार होती, काठचं पाणी कोमट. “पाणी मिळू द्या,” एवढंच तो म्हणाला. पंधरा-वीस मिनिटांनी गाठ सुटली. मग ओंजळीओंजळीने तलावाचं पाणी आत गेलं, कारण तापमानाबरोबर सामूही (आम्लता-क्षारता) जुळावा लागतो. पिशवी त्याने ओतली नाही, नुसती आडवी धरली. काही पिल्लं तोंडाशी येऊन परत आत वळली, तर तोही थांबला.

रोहू-कतला 25 ते 32 अंशांत चांगले वाढतात. पण त्याच पट्ट्यातली चार-पाच अंशांची एकदम उडी लहान जिवाला झेपत नाही. पिल्लू लगेच मरतंच असं नाही. पुढे रोगाला बळी पडतं आणि दोष बियाण्यावर येतो. घरच्या काचेच्या टाकीत मासे सोडतानाही पिशवी अशीच तरंगवावी लागते.

बीज किती सोडलं, हा आकडा सगळे विचारतात. मला वाटतं, त्याच्या शेजारी पिशवीचं आणि तलावाचं तापमानही लिहिलं जावं. संस्थेच्या सामानात जाळ्यांबरोबर एक साधा थर्मामीटर असावा, आणि दोन आकड्यांतलं अंतर अंशा-दोन अंशांवर येईपर्यंत कुणी गाठ सोडू नये.