तेल उचलते, तोल अडवतो

द्राक्षबागेतील दोन ओळींमधल्या अरुंद पट्ट्यातून वळू शकणारा १५ ते २५ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर नाशिक आणि सांगली भागांत फवारणीपासून रोटाव्हेटरपर्यंतची कामे करतो. मात्र भरलेल्या क्रेटांची थप्पी किंवा खताच्या गोण्या उचलून टेम्पोत चढवण्याची वेळ आली की काम पुन्हा माणसांच्या पाठीवर येते. गोदामातला फोर्कलिफ्ट येथे उपयोगी पडत नाही, कारण त्याची लहान चाके फरशीसाठी घडवलेली असतात आणि मोकळ्या मातीत ती रुततात. म्हणून गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंडी चौकट आणि दोन काटे जोडून असलेल्या ट्रॅक्टरलाच उचलणारे यंत्र करून घेण्याची कल्पना मुळात शहाणपणाची आहे. ती धोक्याची ठरते ती बहुधा हिशेब चुकल्यामुळे.

असे काटे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन सांध्यांवर, म्हणजे थ्री-पॉइंट लिंकेजवर बसवतात. खालचे दोन दांडे हायड्रॉलिकच्या जोरावर वर-खाली होतात आणि वरचा तिसरा दांडा, ज्याला टॉप लिंक म्हणतात, अवजाराचा कल सांभाळतो. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली ही रचना १९३९ मध्ये आलेल्या फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरमुळे दूरवर पोहोचली. फर्ग्युसन यांच्यापुढे प्रश्न नांगराचा होता: नांगर मातीत अडकला की हलका ट्रॅक्टर मागे उलटत असे, आणि या रचनेत मातीचा विरोध टॉप लिंकमधून पुढे ढकलला जाऊन पुढची चाके जमिनीवर दाबली जातात. काट्यांवर वजन आले की मात्र नेमके उलटे घडते, कारण आता टॉप लिंक ढकलत नाही तर ओढते, आणि ज्या रचनेने ट्रॅक्टरचे नाक खाली ठेवले तीच ते वर उचलू पाहते.

तरीही काटे मागेच असावेत, यात शंका नाही. लहान ट्रॅक्टरचा पुढचा आस सुकाणू फिरवण्यापुरता हलका बनवलेला असतो, तर मागचा आस, मोठी चाके आणि ब्रेक वजन पेलण्यासाठीच असतात. गोदामातल्या फोर्कलिफ्टमध्येही ओझे चालक चाकांजवळ असते आणि वळणारी चाके दुसऱ्या टोकाला असतात, त्यामुळे मागे काटे लावलेला ट्रॅक्टर हा एका अर्थी उलट दिशेने चालणारा फोर्कलिफ्टच होय.

किती वजन उचलता येईल, हे ठरवण्यासाठी आघूर्ण, म्हणजे वजन आणि आसापासूनचे अंतर यांचा गुणाकार, पाहावा लागतो. समजा, ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो आहे, त्यातले ३२० किलो पुढच्या चाकांवर पडते आणि दोन आसांमध्ये १.५ मीटर अंतर आहे. म्हणजे मागच्या आसाभोवती पुढच्या बाजूचा तोल ४८० किलो-मीटर झाला. चौकट व काटे ८० किलोचे असून त्यांचे वजन आसामागे ०.९ मीटरवर केंद्रित असेल, तर त्यातले ७२ गेले आणि ४०८ उरले. ओझ्याचा मध्य आसामागे १.२ मीटरवर येतो असे धरल्यास ३४० किलोला पुढची चाके जमीन सोडतील. पण चाके उचलली जाण्याच्या बऱ्याच आधी सुकाणू निकामी होते. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा, येथे १६० किलो, पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे, हा सर्वमान्य आडाखा लावला की सुरक्षित ओझे उरते केवळ १४० किलो. वीस किलोचे सात क्रेट एवढाच हा आकडा आहे. पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे ५० किलोची वजने टांगली तर तो दहा क्रेटांपर्यंत नेता येतो, आणि या साऱ्या खटाटोपात याहून स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

तीन सांध्यांच्या मूळ उचलीने काटे गुडघ्याच्या वरपर्यंत येतात आणि थप्पी बागेतून शेडपर्यंत नेण्यास तेवढे पुरते. टेम्पोच्या फळीपर्यंत जायचे असेल तर मास्ट लागतो, म्हणजे दोन उभ्या सी-चॅनलमधून बेअरिंगवर सरकणारा पाळणा. ट्रॉली उलटवणाऱ्या जॅकप्रमाणेच येथेही जॅकला ट्रॅक्टरचे तेल देतात, आणि साखळी कप्पीवरून घेतल्यास जॅक एक फूट सरकला की काटे दोन फूट चढतात, मात्र जोर निम्मा होतो. पन्नास मिलिमीटर व्यासाचा जॅक दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोच्या दाबाने सुमारे २,९०० किलो रेटतो. साखळीने निम्मा झाला तरी तो जोर तोलाच्या मर्यादेच्या कित्येक पट आहे. हायड्रॉलिकने उचलले म्हणजे ट्रॅक्टरला पेलले, हा समज येथेच खोटा ठरतो, म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह जाणीवपूर्वक कमी दाबावर लावावा. जॅकच्या तोंडाशी तेलाचा वेग रोखणारा व्हॉल्व्ह असावा, जेणेकरून नळी फुटली तरी काटे कोसळणार नाहीत. तरीही काट्यांखाली कोणी उभे राहू नये आणि काट्यांवर माणूस चढवू नये.

काट्यांसाठी ट्रकच्या कमानीचे जुने पाटे कापून वेल्ड करण्याचा मोह टाळावा, कारण त्या पोलादात कार्बन जास्त असल्याने वेल्डजवळचा भाग ठिसूळ होतो आणि काटा नेमका कोपऱ्यात, जेथे ताण सर्वाधिक असतो तेथे, तडकतो. भंगार बाजारातून फोर्कलिफ्टचे मूळ काटे आणून ते वेल्ड न करता आडव्या पट्टीवर अडकवणे बरे.

आडव्या दिशेने पलटी होण्याचा धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढचा आस मधल्या पिनेवर झुलत असल्यामुळे ट्रॅक्टर चार बिंदूंवर नव्हे, तर मागची दोन चाके आणि ती पिन अशा त्रिकोणावर तोललेला असतो. ओझे उंच गेले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि बांधाच्या थोड्याशा उतारावरही तो त्रिकोणाबाहेर जाऊ शकतो. त्यामुळे चालताना काटे जमिनीपासून वीतभरच वर ठेवावेत, दोन्ही ब्रेकची पेडल एकमेकांना जोडलेली असावीत, आणि ओझे नेहमी चढाच्या बाजूला राहील अशा बेताने चढ रिव्हर्समध्ये चढावा, उतार मात्र सरळ पुढे उतरावा.