निमिषमात्र सवड : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील प्रगत कौशल्यांची घडण

मेलबर्नचे क्रिकेट मैदान मराठी वाचकाला नाताळानंतरच्या कसोटीमुळे ठाऊक असले, तरी वर्षातील मार्च ते सप्टेंबर हा काळ त्या मैदानावर एका वेगळ्याच खेळाची सत्ता असते. तो खेळ जन्माला आला तोही क्रिकेटच्या कुशीत. १८५८च्या जुलैमध्ये टॉम विल्स या नामांकित क्रिकेटपटूने एका नियतकालिकास पत्र लिहून, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग सुटू नये म्हणून फुटबॉलचा संघ काढावा असे सुचवले आणि पुढच्या वर्षी, १७ मे १८५९ रोजी, मेलबर्न क्लबच्या मंडळींनी या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. मैदाने क्रिकेटचीच वापरली गेल्यामुळे खेळाचे आवार लंबवर्तुळाकार राहिले, आणि आजही १३५ ते १८५ मीटर लांबीच्या त्या प्रचंड आवारात प्रत्येकी अठरा खेळाडू एकमेकांसमोर उभे ठाकतात.

या खेळातील कौशल्याचा विचार करताना आधी दोन नियम ध्यानात घ्यावे लागतात. पहिला असा, की येथे ऑफसाइड नाही. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने चेंडूच्या अमुक बाजूसच असावे असे बंधन नसल्याने, चेंडू हाती असलेल्या खेळाडूवर झडप पुढून, मागून, बाजूने, कोठूनही पडू शकते. दुसरा असा, की चेंडू फेकता येत नाही. तो लाथेने मारावा लागतो किंवा एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून द्यावा लागतो, आणि या ठोशालाच ‘हँडबॉल’ म्हणतात. पुरेशी संधी मिळूनही ज्याने चेंडू सोडला नाही आणि जो पकडला गेला, त्याच्याविरुद्ध फ्री किक दिली जाते. मात्र सहकाऱ्याने किंवा प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला व निदान पंधरा मीटर आलेला चेंडू मध्ये कोणाचाही स्पर्श न होता झेलला, तर त्या झेलास ‘मार्क’ म्हणतात आणि झेलणाऱ्यास विनाअडथळा किक मारण्याचा हक्क मिळतो. थोडक्यात, या खेळात सवड ही कमवावी लागते. गेल्या शतकभरात जी जी कौशल्ये टिकली आणि जी लोपली, त्यांचा निवाडा बहुतांशी या सवडीनेच केला आहे.

किकचाच इतिहास पाहावा. जुन्या काळी ‘ड्रॉप किक’ ही देखणी मानली जाई. तीत चेंडू जमिनीवर टाकून तो जमिनीस टेकतो न टेकतो तोच पायाने उचलावा लागे. ‘टॉर्पेडो’ ही दुसरी किक चेंडूला त्याच्या लांब आसाभोवती गरगर फिरवते आणि जमली तर फार दूर जाते, पण फसली तर चेंडू कोठे जाईल याचा भरवसा नसतो. ‘ड्रॉप पंट’ या तिसऱ्या किकला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय बहुधा रिचमंडच्या जॅक डायर यांना दिले जाते. तीत चेंडू जमिनीस लागण्यापूर्वीच पायावर घेतला जातो व तो टोकावर टोक अशा उलट्या गिरक्या घेत जातो. ही किक दिसायला साधी. पण चिखलात ती दगा देत नाही, मारायला कमी वेळ लागतो, आणि झेलणाऱ्याला चेंडू कसा येणार याचा आधीच अंदाज असतो. १९८०च्या दशकापर्यंत ड्रॉप किक सामन्यांतून जवळजवळ नाहीशी झाली. जुन्या रसिकांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली, ती समजण्यासारखी असली तरी तो निकाल चुकीचा होता असे म्हणता येत नाही.

ड्रॉप पंट प्रगत पातळीवर नेणे म्हणजे पाय सुधारणे नव्हे, तर मुख्यतः हात सुधारणे. उजव्या पायाने मारणारा खेळाडू चेंडू दोन्ही हातांत, बोटे पसरून, वाद्या वर ठेवून धरतो. डावा हात आधी सुटतो आणि उजवा हात चेंडूला जणू खाली पोचवून येतो. चेंडू हातातून सुटल्यावर पायाला लागेपर्यंत जितके कमी अंतर पडेल, तितकी वाऱ्याला आणि चुकीला जागा कमी. पडताना चेंडू जवळजवळ उभा, वरचे टोक किंचित शरीराकडे झुकलेले, असा असावा लागतो. पायाची बोटे ताणून, घोटा ताठ ठेवून, पावलाच्या वरच्या हाडकट भागाने त्याच्या खालच्या टोकाशी आघात करावा लागतो. हा आघात सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागाइतकाच टिकतो. त्या अवधीत काही दुरुस्त करणे कोणत्याही मज्जासंस्थेला शक्य नसते. म्हणून अनुभवी प्रशिक्षक किक चुकली की पायाकडे न पाहता चेंडू सोडणाऱ्या हाताकडे पाहतात.

दुबळ्या पायाचा प्रश्न याहून अवघड आहे. मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील केव्हिन बॉल यांच्या जैवयांत्रिकीय अभ्यासांत, म्हणजे हालचालींतील वेग व कोन मोजून केलेल्या अभ्यासांत, लांब किकचा संबंध आघातक्षणीच्या पावलाच्या वेगाशी आणि गुडघ्याखालील पायाच्या फिरण्याच्या वेगाशी असल्याचे दिसले. आणि नावडत्या पायाने मारताना खेळाडू गुडघ्याऐवजी कंबरेच्या व नितंबाच्या हालचालीवर अधिक भिस्त ठेवतात असेही आढळले. याचा अर्थ दुबळा पाय हा सबळ पायाची केवळ कमजोर नक्कल नसून, त्याची हालचालच वेगळ्या घडणीची असते आणि ती जवळजवळ मुळापासून बांधावी लागते. हॉथॉर्नचे सॅम मिचेल दोन्ही पायांनी इतक्या सारख्या सफाईने मारत, की त्यांना कोणत्या बाजूला वळवून अडवावे हेच प्रतिस्पर्ध्याला ठरवता येत नसे. ज्याला एकच पाय आहे, त्याला किक मारण्यापूर्वी अंग वळवावे लागते. त्या वळण्यातच त्याची सवड संपते.

हँडबॉलची कथा पश्चिम ऑस्ट्रेलियातून आलेल्या ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर या नूंगार वंशाच्या खेळाडूशी जोडली गेली आहे. तोवर हँडबॉल म्हणजे अडचणीत सापडलेल्याचा शेवटचा उपाय असे. फार्मर उंच चेंडूसाठी उडी घेणारे ‘रकमन’ होते. ते हवेत असतानाच, जमिनीवर उतरण्यापूर्वी, दूर धावणाऱ्या सहकाऱ्याकडे नेमका हँडबॉल देत आणि बचावाच्या त्या साधनाचे आक्रमणाच्या हत्यारात रूपांतर करीत. मोटारींच्या उघड्या खिडक्यांतून चेंडू ठोसून त्यांनी हा नेम कमावला असे सांगितले जाते. १९६३मध्ये त्यांच्या जीलाँग संघाने अजिंक्यपद मिळवले. पुढे १९७०च्या अंतिम सामन्यात १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर कार्लटन मध्यंतराला ४४ गुणांनी मागे असताना प्रशिक्षक रॉन बरासी यांनी खेळाडूंना किक सोडून हँडबॉलने खेळ पुढे नेण्यास सांगितले आणि कार्लटनने कॉलिंगवूडवर दहा गुणांनी विजय मिळवला. त्या दिवशी राखीव म्हणून उतरून चार गोल करणारे टेड हॉपकिन्स यांनीच पुढे ‘चँपियन डेटा’ या सांख्यिकी संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा उचलला, हा योगायोग बोलका आहे. कारण त्या आकडेवारीमुळे खेळाडूने चेंडू किती वेळा हाताळला यापेक्षा तो किती झटापटीतून मिळवला आणि कोणत्या दबावाखाली सोडला, याला मोल आले.

१९७०च्या त्याच अंतिम सामन्यात अलेक्स येसाउलेंको यांनी ग्रेम जेन्किन यांच्या खांद्यांवर चढून घेतलेला झेल या खेळातील सर्वांत प्रसिद्ध मार्क मानला जातो. परक्या प्रेक्षकाला ही कसरत वाटते, पण तिच्यामागे शिस्त आहे. नजर चेंडूवरून ढळू द्यायची नाही, कारण चेंडूसाठी खरा प्रयत्न असेल तरच गुडघा दुसऱ्याच्या पाठीवर टेकणे क्षम्य ठरते; उडी एका पायावर, धावत येऊन घ्यायची; आणि हात पूर्ण लांबवून चेंडू डोक्याच्या पुढे, त्याच्या मार्गातील सर्वांत उंच बिंदूवर बोटांनी पकडायचा, म्हणजे मागून येणाऱ्या बचावपटूच्या मुठीला तो ठोसून लावण्याची संधी मिळत नाही. छातीशी घेतलेला झेल सुरक्षित खरा, पण चेंडू छातीपर्यंत येईतो तो क्षण दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो.

ही कौशल्ये मोठेपणी किती शिकता येतात, याचे उत्तर मेलबर्न क्लबने १९८०च्या दशकात आयर्लंडमधून गेलिक फुटबॉल खेळणारे तरुण आणून शोधले. त्यांपैकी डब्लिनचे जिम स्टाइन्स गोल चेंडूवर वाढलेले होते; लांबट चेंडूची किक, त्याची लहरी उसळी, सारे त्यांना नव्याने गिरवावे लागले. १९८७च्या उपांत्य टप्प्यातील सामन्याच्या अगदी अखेरीस, फ्री किक मिळालेल्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढून धावत जाण्याची चूक त्यांच्या हातून झाली. पंचाने पंधरा मीटरचा दंड दिला, गॅरी बकेनारा यांना गोल जवळ आला आणि हॉथॉर्न दोन गुणांनी जिंकले. किक शिकून झाली होती, पण खेळाची सवय अजून अंगात मुरली नव्हती. चारच वर्षांनी, १९९१मध्ये, स्टाइन्स यांना सर्वोत्कृष्ट खेळाडूचे ब्राउनलो पदक मिळाले आणि पुढे सलग २४४ सामने खेळण्याचा त्यांचा विक्रम झाला. कॅनडाचे रग्बीपटू माइक पाइक २०१२मध्ये सिडनीच्या विजेत्या संघात होते. एरिन फिलिप्स यांची गोष्ट मात्र उलटी आहे : लहानपणी मुलांबरोबर खेळलेल्या, मुलींना पुढे वाट नाही म्हणून बास्केटबॉलकडे वळलेल्या आणि २०१७मध्ये महिलांची लीग सुरू होताच परतलेल्या या खेळाडूने पहिल्याच हंगामात सर्वोत्कृष्टतेचा मान मिळवला.

अशा उदाहरणांमुळे सरावाची पद्धतही बदलली. रांगेत उभे राहून समोरच्याला किक मारण्याचा जुना सराव हात बसवण्यापुरता उपयोगी असतो. त्यात निर्णय घ्यावा लागत नाही. म्हणून आता आखूड जागेत, असमान संख्येचे, नियम मुद्दाम वाकवलेले छोटे खेळ खेळवले जातात, ज्यांत चेंडू हाती येण्यापूर्वीच मान वळवून भोवताल टिपण्याची सवय लागते.

एक कौशल्य तेवढे या साऱ्याला दाद देत नाही. मार्क घेतल्यावर गोलवर किक मारणाऱ्याला अर्धे मिनिट मिळते. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एकच. सर्वाधिक १,३६० गोल करणारे टोनी लॉकेट असोत, गवत उडवून वारा पाहणारे मॅथ्यू लॉइड असोत किंवा कमानीसारखे वळण घेत धावणारे लान्स फ्रँकलिन, प्रत्येकाने आपापला विधी ठरवला. तरी बाकी खेळ इतका धारदार झाला असताना गोलची अचूकता त्या मानाने सुधारली नाही, ही तक्रार कायम आहे. मांडीच्या व जांघेच्या स्नायूंवर ताण येतो म्हणून किकच्या सरावावर मर्यादा ठेवाव्या लागतात, हे एक कारण. परंतु घाईत घडवलेल्या खेळाडूला मोकळा वेळ पेलत नाही, हे दुसरे कारण अधिक खरे दिसते. अलीकडे अवघड कोनातून, समोर कोणी आडवे नसतानाही, अनेक खेळाडू सरळ ड्रॉप पंटऐवजी अंग तिरपे करून ‘स्नॅप’ मारतात, म्हणजे झटापटीत वापरायची वळणारी किक निवांत क्षणी वापरतात, आणि एके काळी ज्याला उनाडपणा म्हटले गेले असते ते आता प्रशिक्षकही खपवून घेतात.