जगतशेठांची कोठी

अठराव्या शतकात बंगालचा सारावसूल दिल्लीच्या बादशहाकडे पोहोचे तो बराचसा मुर्शिदाबादच्या एका मारवाडी जैन घराण्याच्या हुंड्यांवर. त्यातल्या फतेहचंदाला बादशहा महंमदशहाने ‘जगतशेठ’ हा किताब दिला. खरी कमाई मात्र टांकसाळीवरच्या पकडीत आणि बट्ट्यात होती. जुन्या सालचा रुपया कमी किमतीचा धरत, आणि तो बदलून देताना कोठी आपला बट्टा कापून घेई. इंग्रज, डच, फ्रेंच कंपन्याही तिच्याच ऋणको.

1742 मध्ये मराठी फौजेने मुर्शिदाबाद लुटले, तेव्हा या कोठीतून दोन कोटी रुपये गेल्याचे तवारीखकार लिहितात. तरीही पेढी चालू राहिली!

ती बुडाली राजकारणाने. 1757 मध्ये नवाब सिराजउद्दौल्याविरुद्धच्या कटात हे शेठ इंग्रजांना मिळाले. माझ्या मते हाच त्यांचा घातक निर्णय, कारण नवाबी दरबार हाच त्यांच्या धंद्याचा पाया होता. 1763 मध्ये नवाब मीर कासिमने घराण्यातल्या महताबराय आणि स्वरूपचंद या दोघांना ठार केले. 1765 मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे सारा वसूल करण्याचा हक्क, इंग्रज कंपनीकडे गेली आणि 1772 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने खजिना कलकत्त्याला हलवला. वसूल, टांकसाळ आणि कर्जदार दरबार, तिन्ही हातचे गेले.