दाब किती, आणि किती वेगाने?
झिर्कोनियम हा अणुभट्टीतल्या इंधननळ्यांचा धातू. पुरेसा दाब दिला की त्यातले अणू नवी मांडणी घेतात आणि अल्फा रूपाचे ओमेगा रूप होते. या रूपावर तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील सिक्का, व्होरा आणि चिदंबरम यांनी १९८२ मध्ये लिहिलेला विस्तृत आढावा आजही पायाभूत मानला जातो.

मात्र बदल नेमका कोणत्या दाबाला होतो, याचे उत्तर एका आकड्यात मावत नाही. झिर्कोनियमसाठी प्रयोगांतून साधारण २ ते ७ गिगापास्कल असे वेगवेगळे आकडे मिळतात (१ गिगापास्कल म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणे). धातूची शुद्धता, त्यातला ऑक्सिजन, दाब सगळीकडून सारखा आहे की नाही, हे सगळे त्यात येते. आणि दाब चढवण्याचा वेगही.

कारण नव्या रूपाची सूक्ष्म बीजे आधी तयार व्हावी लागतात, मग ती वाढतात. हिऱ्यांच्या ऐरणीत दाब मिनिटामिनिटाने चढतो, तेव्हा त्यांना सवड मिळते. वायुतोफेतून सुटलेली चकती नमुन्यावर आदळली की तोच दाब मायक्रोसेकंदाच्याही अंशात येतो. बीजे मागे पडतात, दाब पुढे निघून जातो आणि बदल वरच्या दाबाला सुरू होतो. शिवाय आघाताने धातू तापतो, त्यामुळे तुलना आणखी अवघड होते.

लोखंडाचे उदाहरण फार बोलके आहे. १९५६ मध्ये आघातलहरींच्या प्रयोगांत त्याचा बदल सुमारे १३ गिगापास्कलला दिसला. अब्जांश सेकंदाहूनही कमी वेळात दाबलेल्या पातळ थरात मात्र हा बदल त्या दाबाच्या बराच वर सरकतो.