मूळ गाव कोणतं?

नाशिकला गंगेवर, म्हणजे पंचवटीतल्या रामकुंडाशी, किंवा त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर पूर्वजांचा माग काढायला गेलं, की तीर्थोपाध्याय आधी नाव विचारत नाहीत. मूळ गाव कोणतं, हा पहिला प्रश्न. आडनाव आणि जात मागाहून. पुण्या-मुंबईत जन्म गेलेला माणूस इथेच अडखळतो. पण आडनावावर भिस्त ठेवून भागत नाही. कुलकर्णी, देशमुख, पाटील गावोगाव असायचे आणि ‘कर’ लावणारी घराणी गाव सुटलं की पुष्कळदा आडनावही बदलायची. यजमान उपाध्यायांच्या घराण्यांत गाव, प्रांत आणि जात यांनुसार पिढ्यान्‌पिढ्या वाटलेले आहेत. त्यामुळे आपले उपाध्याय कोण, हे घाटावर चार जणांना विचारलं की बहुधा कळतं.

त्यांच्या घरी असतात त्या नामावळ्या. इतिहास लिहावा म्हणून त्या कोणी केल्या नाहीत. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा गोत्रासह उच्चार करावा लागतो, आईच्या माहेरच्याही तीन. पणजोबाचं नाव ऐन वेळी आठवणारे तेव्हाही थोडेच असणार. शिवाय नामावळीतली नोंद म्हणजे हा यजमान आपला, याचा पुरावा. दक्षिणेचा हक्क तिच्यावर ठरे. निव्वळ श्रद्धेवर इतके कागद इतकी वर्षं टिकले असते, असं मला वाटत नाही. हक्काचा कागद माणूस जिवापाड जपतो.

नोंदीत तिथी असते, येणाऱ्याचं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलं, पुतणे, आई, बायको, मुक्कामाचं गाव. लिहिता येणारा यजमान ती स्वतःच्या हाताने लिहितो. नसेल येत, तर उपाध्याय लिहून घेतात. त्यामुळे ज्याचा फोटोही घरात नाही अशा खापरपणजोबाचं हस्ताक्षर समोर येऊ शकतं.

तिथी वाचायलाही थोडा सराव लागतो. समजा, ‘शके १७१० कीलकनाम संवत्सरे’ असं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन १७८८. पौषात इंग्रजी वर्ष बदलतं, तिथून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे. संवत्सरांची नावं ६०, त्यामुळे कीलक पुन्हा शके १७७० मध्ये आणि मग १८३० मध्ये येतो. शकाचा आकडा कसरीने खाल्ला असला, तरी संवत्सराचं नाव उरलं तर तीन-चारच वर्षं शक्य राहतात आणि त्यांतलं नेमकं कोणतं, हे सोबतच्या नावांवरून ठरतं. मात्र ही तारीख भेटीची, कोणाच्या जन्माची नव्हे. आधीच्या भेटीत हयात असलेल्या आजोबांच्या नावामागे पुढच्या भेटीत ‘कै.’ लागलं, तर ते मधल्या काळात गेले, एवढंच कळतं.

जुन्या नोंदी मोडीत असतात. आधी आडवी रेघ ओढायची आणि टाक शक्यतो न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जायची, अशी ही लिपी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती पाळत नाही. शाळांतून ती गेल्याला आता काही पिढ्या झाल्या, म्हणून बरोबर मोडी वाचणारा असलेला बरा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा अशा वाचकांना एकाएकी मागणी आली. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४ आणि शाळांची जनरल रजिस्टरं यांची पानं त्या वेळी तालुक्या-तालुक्यांत उलटली गेली.

खरी अडचण बायकांची आहे. नामावळीत त्या सापडतात त्या आई आणि पत्नी म्हणून. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिण्याची आपली रीत, तेव्हा नोंदीतली ‘लक्ष्मी’ माहेरी कोण होती, हे तिथे कळायला मार्ग नाही. तिच्या माहेरचं गाव ठाऊक असेल, तर त्या गावाच्या उपाध्यायांकडे जायचं. आणि तिथे मुलींची नावं लिहिली असतील तर नशीब.

या कागदांचं मोल दूरच्या लोकांनीही ओळखलं. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत मॉर्मन पंथीयांनी १८९४ मध्ये युटाची वंशावळी सोसायटी स्थापन केली. मृत पूर्वजांच्या नावे बाप्तिस्मा घेता येतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यासाठी नावं हवीत. श्राद्धाला नावं लागतात त्याहून हे फारसं निराळं नाही. या सोसायटीने हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांची, म्हणजे अशाच नोंदवह्यांचीही, मायक्रोफिल्म केली.

नाशिकला काहीच हाती लागलं नाही, तर कोल्हापूर-सांगलीकडच्या घराण्यांना आणखी एक वाट आहे. तिथे वही स्वतःच दारी येते. हेळवी बैल घेऊन सुगीनंतर गावात शिरतो, घराण्याची वंशावळ मूळपुरुषापासून म्हणून दाखवतो, मागच्या फेरीनंतर जन्मलेल्यांची नावं चोपडीत चढवतो आणि धान्य, कापड घेऊन पुढच्या दाराशी जातो.